उशाशी बसलेला डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. सर्जनना तिनं एकही प्रश्न विचारला नाही. पोटाला चार छोटी छिद्रं, खड्यांसकट पिशवी बाहेर, दोन दिवसांत घरी, एवढं तिला समजलं होतं. तिची झोप उडाली ती आदल्या संध्याकाळी येऊन गेलेल्या भूलतज्ज्ञ बाईंमुळे. त्यांनी तिला तोंड मोठं उघडून जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे करायला सांगितली, एखादा दात हलतो का ते पाहिलं. रात्री घोरता का, जिना चढताना दम लागतो का, पूर्वी कधी भूल दिली होती का, माहेरी कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, असं सगळं विचारून एका कागदावर सही घेतली. त्या गेल्यावर मावशी मला म्हणाली, "पिशवी पोटातली काढायचीय, मग ह्या माझे दात कशाला मोजत होत्या?" आणि जरा वेळानं, हळू आवाजात, "परत जाग येईल ना गं?"

काकांचा प्रश्न वेगळा होता. खर्चाच्या कागदावर भूलतज्ज्ञांची फी स्वतंत्र लिहिलेली होती. "एक इंजेक्शन देऊन जाणार, त्याचे एवढे?"

त्या रात्री मला दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. म्हणून नंतर भुलीचा इतिहास मुळापासून वाचून काढला. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. वेदना घालवणारी औषधं माणसाच्या हाती बरीच लवकर आली होती. ती देऊनही माणूस जिवंत कसा ठेवायचा, हे शिकायला त्यानंतर शंभरएक वर्षं लागली. मावशीचे दात बघणाऱ्या बाई त्या शंभर वर्षांत शिकलेलंच काम करत होत्या.

भूल म्हणजे झोप नव्हे

झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. भूल दिलेल्या माणसाचं पोट उघडलं तरी तो जागा होत नाही. आपण बोलताना 'झोपेचं इंजेक्शन' म्हणतो खरं, पण ही अवस्था झोपेपेक्षा बेशुद्धीच्या जवळची आहे. फरक इतकाच की ही बेशुद्धी कुणीतरी मुद्दाम आणतो, हवा तितका वेळ टिकवतो आणि परत फिरवतो.

वीजजोडणीचं उदाहरण घेऊ. घरातल्या एकाच खोलीतलं बटण दुरुस्त करायचं असेल तर त्या खोलीचा फ्यूज काढला की पुरे. दात काढताना हिरडीत देतात ती भूल अशी असते. तेवढाच भाग बधिर होतो, बाकी माणूस जागा. सिझेरियनच्या वेळी मणक्यात इंजेक्शन देतात तेव्हा इमारतीच्या खालच्या मजल्यांचा पुरवठा बंद होतो आणि वरचे दिवे चालू राहतात. पूर्ण भूल म्हणजे अख्ख्या इमारतीचा मेन स्विच बंद करणं. अडचण इथेच येते. मेन स्विच बंद केला की दिव्यांबरोबर पाण्याचा पंपही थांबतो. शरीरातला हा पंप म्हणजे श्वास. मेंदू खोलवर गुंगला की श्वास मंदावतो, काही औषधांनी पूर्ण थांबतो, रक्तदाब उतरतो, गिळण्या-खोकण्याची जाण जाते. तेवढा वेळ तो पंप कुणीतरी हातानं चालवावा लागतो. ते काम करणारा माणूस म्हणजे भूलतज्ज्ञ.

नाक जोडणारे हात होते, भूल नव्हती

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. कावसजी नावाचा, इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला होता. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कसबी माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बसवून बघायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्या मापानं कपाळाची कातडी सोलून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी जोडायची. सांधा धरून ठेवायला पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढे युरोपातल्या सर्जननी ही पद्धत उचलली. त्या कसबी माणसाचं नाव त्या मासिकानं छापलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. आणि आज ते वर्णन वाचताना माझं मन त्या गाडीवानाशी अडकतं. जिवंत कपाळाची कातडी सोलली जात असताना त्याला आधार होता तो फक्त स्वतःच्या सहनशक्तीचा.

वेदना कमी करायचे उपाय जुने होते. सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे की शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला जेवू घालावं, आणि मद्य घेणाऱ्या, वेदना न सोसणाऱ्या माणसाला तीक्ष्ण मद्य पाजावं. अफू, भांग, धोतरा यांच्यासारख्या वनस्पतींचाही अनेक देशांत वापर होई. पण यातल्या कशाचीच मात्रा हातात राहत नसे. थोडं दिलं तर रोगी ओरडतो, जास्त दिलं तर उठत नाही.

वेदना म्हणजे काय याची एक लेखी साक्ष आहे. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेच्या स्तनातली गाठ सप्टेंबर १८११ मध्ये पॅरिसला काढली. नेपोलियनचे सर्जन लारी यांनी ही शस्त्रक्रिया केली. तिला मद्याचा एक पेला मिळाला आणि चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला गेला. रुमालातून पात्याची चकाकी दिसत होती, असं तिनं पुढे बहिणीला लिहिलं. कापण्याचं काम चालू होतं तोवर आपली किंकाळी थांबली नाही, असंही लिहिलं. ते पत्र पुरं करायला तिला कित्येक महिने लागले, कारण नुसतं आठवलं तरी डोकं दुखू लागे. ती त्यानंतर २८ वर्षांहून जास्त जगली.

अशा काळात सर्जनचा मोठा गुण म्हणजे वेग. लंडनचे रॉबर्ट लिस्टन तीन मिनिटांच्या आत मांडीतून पाय वेगळा करत, आणि ते निर्दयपणामुळे नव्हे, दयेपोटी. पण वेगानं हात-पाय कापता येतात, गाठ काढता येते. पोट उघडून आत शांतपणे शोधाशोध करता येत नाही. मावशीचं ऑपरेशन त्या काळात कुणी योजलंही नसतं.

औषध समोर होतं, मग चाळीस वर्षं वाया का गेली?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. ईथर हा उडणारा, उग्र वासाचा द्रव १५४० च्या सुमारासच जर्मनीत तयार झाला होता. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, जोसेफ प्रीस्टली या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १७७२ मध्ये बनवला. हम्फ्री डेव्ही या तरुण संशोधकानं तो स्वतः हुंगला, अक्कलदाढेचं दुखणं त्यानं कमी होतं हे अनुभवलं आणि १८०० साली छापून टाकलं की फारसा रक्तस्राव नसलेल्या शस्त्रक्रियांत हा वायू उपयोगी पडू शकेल. वाक्य छापलं गेलं, वाचलं गेलं आणि तसंच पडून राहिलं.

हा वायू आणि ईथर करमणुकीत गेले. इंग्लंड-अमेरिकेत तिकीट लावून वायू हुंगण्याचे खेळ होत. तरुण मंडळी ईथर हुंगून झिंगत, धडपडत, आणि दुसऱ्या दिवशी अंगावरचे काळेनिळे डाग बघून चकित होत, कारण लागल्याचं कळलेलंच नसे. शोध असा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाचत होता. डॉक्टरांना मात्र शस्त्रक्रिया आणि वेदना एकमेकींना चिकटलेल्याच वाटत. वेदना हटवणं हा आपल्या कामाचा भाग असू शकतो, हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं.

जपानमध्ये मात्र एकाच्या डोक्यात होतं. हानाओका सेइशू यांनी धोतऱ्याच्या जातीची वनस्पती आणि बचनाग यांचा काढा वर्षानुवर्षं सुधारत नेला आणि ऑक्टोबर १८०४ मध्ये तो पाजून एका बाईच्या स्तनाचा कर्करोग काढला. काढ्याचे प्रयोग घरच्यांवरही झाले आणि त्यात त्यांच्या पत्नीची दृष्टी गेली, असं तिकडे सांगतात. जपानचे दरवाजे तेव्हा बाहेरच्या जगाला बंद होते, त्यामुळे ही बातमी त्या बेटांबाहेर गेली नाही.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या जेफरसन गावात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरनं ३० मार्च १८४२ रोजी ईथर देऊन एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढली. रोग्याला काही कळलं नाही. लाँगनं पुढेही असे रोगी केले, पण १८४९ पर्यंत छापलं काहीच नाही. तोवर मान दुसऱ्यांना गेला होता.

बॉस्टनचे दोन प्रयोग

१० डिसेंबर १८४४ ला हार्टफर्ड गावात हसवणाऱ्या वायूचा खेळ लागला होता. वायू हुंगलेल्या एकाच्या पायाला मोठी जखम झाली आणि त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दंतवैद्य बसला होता. शेकडो लोकांनी तो खेळ पाहिला असेल, पण प्रश्न पडला तो वेल्सला. दुसऱ्याच दिवशी त्यानं तो वायू घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. दुखलं नाही.

उत्साहात तो जानेवारी १८४५ मध्ये बॉस्टनला गेला आणि डॉक्टर-विद्यार्थ्यांसमोर एकाचा दात काढून दाखवायला उभा राहिला. रोगी ओरडला. 'थोतांड!' असा गलका झाला आणि वेल्सची मान खाली गेली. यात लबाडी कसलीच नव्हती. वायूची पिशवी लवकर बाजूला केली गेली होती. शिवाय नायट्रस ऑक्साइड हा दुबळा वायू आहे. शुद्ध प्राणवायू पुरेसा ठेवून तो कितीही दिला तरी माणूस गाढ भुलीत जात नाही. वेल्सची कल्पना बरोबर होती. किती द्यायचं, किती वेळ द्यायचं, समोरच्यावर परिणाम झाला हे कशावरून ओळखायचं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

त्याचा जुना भागीदार विल्यम मॉर्टन याला ईथर गवसलं. रसायनशास्त्र जाणणाऱ्या चार्ल्स जॅक्सन यांनी त्याला ते सुचवलं होतं. शुक्रवार, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ज्येष्ठ सर्जन जॉन कॉलिन्स वॉरन यांनी गिल्बर्ट अॅबट या तरुणाच्या मानेवरची गाठ काढली. मॉर्टन काचेचं नवं उपकरण घेऊन उशिरा पोचला, रोग्याला ईथर हुंगवलं आणि वॉरनना म्हणाला, तुमचा रोगी तयार आहे. अॅबट ओरडला नाही. नंतर म्हणाला, मानेवर काहीतरी खरवडल्यासारखं वाटलं, बस. वॉरन समोरच्या गर्दीकडे वळून म्हणाले, "सभ्य गृहस्थहो, हे थोतांड नाही." जागतिक भूल दिन १६ ऑक्टोबरला असतो, तो यामुळे. बातमी जहाजानं अटलांटिक ओलांडून गेली आणि २१ डिसेंबरला लंडनमध्ये त्याच वेगवान लिस्टननी ईथर देऊन पाय कापला. वेगाची गरजच संपल्याचं पहिल्यांदा त्यांना कळलं असणार.

यानंतर श्रेयाचं भांडण जुंपलं, ते वाचवत नाही. मॉर्टननं ईथरला रंग आणि सुवास देऊन, 'लेथिऑन' असं नाव ठेवून पेटंट घेतलं. वास लपला नाही. हॉस्पिटलनं औषधाचं नाव सांगितल्याशिवाय वापरणार नाही असं बजावल्यावर त्याला सांगावं लागलं. उरलेलं आयुष्य त्यानं जॅक्सनशी झगडण्यात आणि सरकारकडे बक्षीस मागण्यात घालवलं. वेल्स क्लोरोफॉर्म या भुलीच्या नव्या औषधाच्या व्यसनात अडकला आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्यानं जीव दिला. वय ३३. या साऱ्या मंडळींत प्रश्न विचारायचं धाडस त्याचं होतं, असं मला वाटतं.

हॅनाची अंगठ्याची नखं

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबराचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी ते रात्री जेवणानंतर हुंगलं आणि तिघेही टेबलाखाली गेले. ईथरपेक्षा वास गोड, परिणाम झटपट, उपकरण नको, रुमालावर थेंब टाकले की झालं. सिम्प्सन ते बाळंतिणींना देऊ लागले. वेणा ही देवाची इच्छा आहे, त्यात ढवळाढवळ नको, असा आक्षेप येईल म्हणून त्यांनी बायबलचाच आधार देऊन लगोलग उत्तरही छापलं.

तीन महिनेही झाले नव्हते. २८ जानेवारी १८४८ ला न्यूकॅसलजवळच्या गावात हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीच्या पायाचं नख काढायचं होतं. आधी दुसऱ्या पायाचं नख ईथर देऊन काढलेलं होतं. ती घाबरली होती, रडत होती. रुमालावर चमचाभर क्लोरोफॉर्म दिलं आणि दोन-तीन मिनिटांत ती गेली. एका नखासाठी. भुलीनं झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानतात.

हॅनाच्या मृत्यूपाशी मी बराच वेळ थांबले. वेदना हटवण्याच्या आनंदात हिशेब राहिला होता, तो तिथे समोर आला. आता कुणीतरी बसून मोजणं भाग होतं.

मोजणारा पहिला माणूस

तो होता जॉन स्नो. यॉर्कच्या एका मजुराचा मुलगा. लंडनमध्ये कॉलराची साथ पाण्याच्या पंपातून पसरते हे १८५४ मध्ये दाखवणारे तेच. ईथर लंडनला पोचल्याबरोबर स्नोंच्या लक्षात आलं की खोली गार असेल तर ईथरची वाफ कमी होते, ऊबदार असेल तर जास्त. त्यामुळे तेच औषध एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला जड जातं. चहात साखर किती घातली हे न मोजता पातेल्यात ओतत राहावं, तसं चाललं होतं. त्यांनी पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं उपकरण बनवलं. पाण्याचं तापमान ठरवलं की वाफेचं प्रमाण ठरतं. रोगी किती खोल गेला हे डोळ्यांवरून, श्वासावरून, स्नायूंच्या ताणावरून ओळखायच्या पायऱ्या लिहून काढल्या. चार हजारांवर माणसांना क्लोरोफॉर्म दिलं आणि नोंदी ठेवल्या. जगभरातले क्लोरोफॉर्मचे पन्नास मृत्यू एकेक करून तपासले. क्लोरोफॉर्मची वाफ एकदम दाट झाली की हृदयच बंद पडू शकतं, हे त्यांनी सांगितलं.

७ एप्रिल १८५३ ला राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात त्यांनी रुमालावर थोडं थोडं क्लोरोफॉर्म दिलं, ५३ मिनिटं, प्रत्येक कळेबरोबर. राणी शुद्धीत होती. इतक्या सांभाळून देणारा हात होता म्हणून ते जमलं. स्नो ४५ व्या वर्षी गेले. भूलतज्ज्ञ हा वेगळा पेशा असू शकतो, हे त्यांच्यापासून सुरू होतं.

हैदराबादचा निष्कर्ष

आपल्याकडे क्लोरोफॉर्मचीच चलती झाली, आणि त्याला साधं कारण होतं. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. उन्हाळ्यात आपल्या खोलीतली हवाच तेवढी तापते, बाटली उघडली की माल उडाला. शिवाय ईथरची वाफ पेट घेते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवड्याहून आणलेल्या गांधीजींचं आंत्रपुच्छाचं (अपेंडिक्सचं) ऑपरेशन कर्नल मॅडॉक करत असताना वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. कंदिलाशेजारी ईथर उघडणं म्हणजे आगीला बोलावणं.

पण क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद मिटला नव्हता. निजामाच्या हैदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच्या राजधानीत, एडवर्ड लॉरी या सर्जननी १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशातून दोन आयोग नेमवून घेतले. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट' या नियतकालिकानं लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की आधी श्वासच थांबतो, तेव्हा श्वासावर नजर ठेवा, नाडीकडे बघायची गरज नाही.

निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्म कमी दिलेलं असताना, माणूस घाबरलेला असताना, शरीरातलं अॅड्रिनॅलिन उसळून हृदयाचे ठोके अचानक विस्कटतात आणि ते थांबतं. हे वाचताना रडणारी हॅना आठवल्याशिवाय राहत नाही. तिच्या मृत्यूचं नेमकं कारण काय यावर आजही वेगवेगळी मतं आहेत, पण भीती औषधात मिसळते हे कळलं. ऑपरेशनआधी रोग्याशी बोलून त्याचं मन शांत करणं, हा उपचाराचाच भाग ठरतो.

याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात तयार झाल्या आणि पुढे शिकायला एडिंबरालाही गेल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते असायला हवं.

"मणक्यात इंजेक्शन घेतलं की कंबर जन्मभर धरते"

हे वाक्य मी निदान वीस बायकांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर.

मणक्यातली भूल जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ ला पहिल्यांदा यशस्वी केली. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेन टाकून तेवढाच भाग बधिर करण्याची युक्ती कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये दाखवली होती. बीअरनी तेच कोकेन मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडलं. रोग्यांना त्रास होतोय हे दिसल्यावर त्यांनी स्वतःवर आणि हिल्डेब्रांट या सहायकावर प्रयोग केला. बीअरच्या पाठीत सुई गेली, पण सिरिंज बसेना आणि मज्जारज्जूभोवतीचं बरंच पाणी गळून गेलं. मग हिल्डेब्रांटना इंजेक्शन दिलं. नडगीवर हातोडा मारला, जळता चिरूट टेकवला, त्यांना काही कळलं नाही. नंतर मात्र दोघांचीही डोकी भयंकर दुखली. बीअर नऊ दिवस आडवे होते.

त्यामागचं कारण आज माहीत आहे. जाड सुईनं आवरणाला पडलेल्या भोकातून ते पाणी झिरपत राहतं. आता केसासारख्या बारीक सुया आल्या, त्यामुळे ही डोकेदुखी पुष्कळ कमी झाली. ज्यांना होते त्यांची बहुधा काही दिवसांत थांबते. सुई टोचल्या जागी थोडे दिवस ठणकतंही. पण जन्मभराची कंबरदुखी या इंजेक्शननं येते, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. नऊ महिने वाढलेलं पोट कण्याचा बाक बदलतं, सांध्यांना बांधणारे बंध सैल होतात, त्यानंतर बाळ कडेवर, रात्रीची जागरणं आणि वाकून कामं. इंजेक्शन न घेता बाळंत झालेल्या बायकांचीही कंबर दुखते. इंजेक्शनची तारीख तेवढी लक्षात राहते. आणि दुखत असेल तर ते खरंच असतं, त्यावर व्यायाम आणि उपचार हवेत, दोष देऊन गप्प बसणं नको.

"मग उपाशी का ठेवतात? आणि मध्येच जाग आली तर?"

सुश्रुतांनी बहुतेक शस्त्रकर्मांआधी जेवायला सांगितलं, पण पोट, मूळव्याध, मूतखडा, तोंड अशा काही शस्त्रकर्मांना उपाशी ठेवायलाही सांगितलं. आज पूर्ण भुलीआधी उपास सक्तीचा असतो, कारण मेन स्विच बंद झाला की घशाचा पहारेकरीही झोपतो. पोटातलं अन्न किंवा आम्ल वर आलं तर खोकला येत नाही आणि ते थेट फुप्फुसात जातं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींच्या बाबतीत हे नीट मांडलं. तेव्हा, "फक्त अर्धा कप चहा घेतला" हे डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील, ऑपरेशन पुढे ढकलतील, पण जीव वाचेल.

मध्येच जाग येण्याची भीतीही खोटी नाही. ईथरच्या काळात एकच औषध सगळी कामं करायचं. शुद्ध घालवायची, वेदना थोपवायची, स्नायू सैल करायचे, आठवण पुसायची. पोटाचे स्नायू सैल पडेपर्यंत इतकं ईथर द्यावं लागे की माणूस मृत्यूच्या उंबरठ्याशी जाई. जानेवारी १९४२ मध्ये माँट्रियलच्या हॅरल्ड ग्रिफिथ यांनी दक्षिण अमेरिकेतल्या बाणांच्या विषापासून काढलेलं कुरारे वापरलं. त्यानं नुसते स्नायू सैल होतात, त्यामुळे भुलीचं औषध हलकं ठेवता येऊ लागलं. पण यातून नवा धोका आला. स्नायू बंद असलेला माणूस जागा झाला तरी बोट हलवून सांगू शकत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत अशी तक्रार सुमारे १९,००० भुलींमागे एकदा आढळली. प्रमाण छोटं आहे, पण ज्याच्यावर येतं त्याच्यासाठी छोटं नाही. म्हणून तर औषध सोडून निघून जाता येत नाही, बसून राहावं लागतं.

आणखी एक शंका रास्त आहे. ही औषधं मेंदूत नेमकं काय करतात याची पूर्ण उकल झालेली नाही, मग ती देतात कशी? जी औषधं तेलात जास्त विरघळतात ती जास्त जोरदार, हे १९०० च्या सुमारास दोन शास्त्रज्ञांनी ऑलिव्ह तेल वापरून दाखवलं होतं. १९८४ मध्ये काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनावर प्रयोग करून फ्रँक्स आणि लीब यांनी दाखवलं की ही औषधं प्रथिनांना थेट चिकटतात. मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या संदेशांना यातली बरीचशी बळ देतात, इतपत नक्की कळलंय. जाणीव मुळात कशी घडते हेच कळलेलं नाही, तर ती कशी मालवते हे पूर्ण कुठून कळणार? पण कुठल्या मात्रेला श्वास, नाडी, रक्तदाब यांचं काय होतं, हे ज्ञान पावणेदोनशे वर्षांच्या नोंदींतून आलंय. कोविडमध्ये आपण घरोघरी बोटाला लावला तो ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आला. ओठ निळे पडेपर्यंत वाट बघायची गरज त्यानं संपवली.

दात का मोजले?

पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालावी लागते. हलणारा दात त्या वेळी निखळून श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर घशातली पडजीभ किती दिसते, यावरून नळी सहज जाईल की अवघड, याचा अंदाज बांधता येतो. ही साधी तपासणी १९८५ मध्ये प्रसिद्ध करणारे डॉक्टर आंध्रातून गेलेले शेषगिरी मल्लमपती, आणि ते काम करत होते बॉस्टनमध्ये, जिथे मॉर्टननं ईथरची बाटली उघडली त्याच गावात. यंत्र नको, सुई नको. जीभ बाहेर काढा, एवढंच. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांनी तेव्हाच सांगायचं की." तिचं म्हणणं बरोबर आहे. त्या दोन वाक्यांनी तिची रात्र सुखाची गेली असती.

मावशी बरी आहे. टाके निघाल्यावर फाईल चाळताना काकांना भुलीचा कागद सापडला. असा कागद ठेवायची पद्धत १८९४ च्या सुमारास बॉस्टनमधल्या हार्वी कुशिंग आणि अॅमरी कॉडमन या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी सुरू केली. त्याआधी कुशिंगच्या हातून ईथर देताना एक रोगी दगावला होता. कागदावर बारीक चौकटी होत्या. प्रत्येक पाच मिनिटांना रक्तदाबाच्या दोन खुणा, नाडीचा एक ठिपका, शेजारी ऑक्सिजनचा आकडा, दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ. साडेनऊ वाजून पाच मिनिटांच्या चौकटीत रक्तदाब एकदम उतरलेला, त्याच्या पुढच्या चौकटीत एक औषध लिहिलेलं, आणि त्यापुढे खुणा परत वर. काकांनी चष्मा लावला आणि त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत शेवटच्या चौकटीपर्यंत गेले. मग पुन्हा साडेनऊपाशी आले आणि विचारलं, "इथे काय झालं होतं गं?"